पंचनाम्याच्या आधीचं काम : सरकारी यंत्रणेतलं जोखीम व्यवस्थापन आणि बीडचा धडा

(व्याख्यानाचं शब्दांकन. श्रोत्यांचे निवडक प्रश्न शेवटी दिले आहेत.)

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी आम्हाला विचारलं, की जोखीम व्यवस्थापन हे बँकांचं, शेअर बाजाराचं काम. पंचायत समितीत, तहसील कचेरीत, महामंडळात त्याचं काय? प्रश्न रास्त आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आपल्या सरकारी यंत्रणेला एक काम फार चांगलं जमतं. ते म्हणजे पंचनामा. गारपीट झाली, नदीचं पाणी शिवारात शिरलं, शाळेची भिंत पडली, की माणसं बांधावर येतात, मोजमाप होतं, सह्या होतात, अहवाल वर जातो. हे काम सोपं नाही आणि ते आम्ही कमी लेखत नाही. पण पंचनामा होतो तो घडून गेलेल्या गोष्टीचा. जोखीम व्यवस्थापन म्हणजे न घडलेल्या गोष्टीचा पंचनामा. काय बिघडू शकतं, कुणाचं किती नुकसान होईल, ते आधी कशावरून कळेल आणि कळल्यावर कुणी काय करायचं, हे सगळं आधी कागदावर मांडायचं. बैल गेल्यावर झोपा करण्यात अर्थ नसतो, हे आपले आजोबा सांगतच होते.

आणि हे आपल्याला अगदीच नवीन आहे असंही नाही. दरवर्षी जिल्हा परिषद आणि महसूल विभाग मिळून टंचाई आराखडा करतात. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून असे तीन टप्पे; कुठल्या गावाला विहीर अधिग्रहित करावी लागेल, कुठे टँकर लागेल, खर्च किती येईल. हे जोखीम व्यवस्थापनच झालं. पैसेवारी घ्या. पन्नास पैशांच्या खाली पैसेवारी आली की काही सवलती लागू होतात. अमुक आकडा ओलांडला की अमुक कृती, हा जो उंबरठा ठरवलेला असतो, तो या शास्त्राचा कणाच आहे. म्हणजे साधनं आपल्याकडे आहेत. अडचण अशी, की ती दुष्काळापुरती राहिली आणि बाकीच्या कारभारात उतरली नाहीत.

आयएसओ ३१००० नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते २००९ मध्ये आलं, २०१८ मध्ये सुधारलं गेलं. त्याचा गाभा एका वाक्यात सांगायचा तर असा : आपलं उद्दिष्ट काय आहे ते आधी ठरवा, मग अनिश्चिततेमुळे त्या उद्दिष्टाचं काय होऊ शकतं ते तपासा. एवढी व्याख्या आज पुरे. आता आपण थेट बीड जिल्ह्यात जाऊ. अकरा तालुके, बालाघाटचे डोंगर, पावसाचा भरवसा नाही. जोखीम शिकायला याहून चांगली शाळा मिळायची नाही.

परळीचं पाणी

परळीचं औष्णिक वीज केंद्र महानिर्मितीचं, म्हणजे सरकारी कंपनीचं. २०१३ मध्ये त्याची क्षमता ११३० मेगावॉट होती. कोळसा येत होता, यंत्रं होती, माणसं होती. तरी त्या वर्षी फेब्रुवारीत केंद्र बंद ठेवावं लागलं, कारण पाणी नव्हतं. २०१५ मध्ये पुन्हा तेच झालं.

आता कुणी म्हणेल, दुष्काळ पडला, त्याला कोण काय करणार? पण नीट बघा. केंद्राला पाणी मिळायचं ते गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून. ते कमी पडलं तर माजलगाव धरण. कागदावर दोन पर्याय दिसतात. पण माजलगाव प्रकल्प हा जायकवाडीचाच दुसरा टप्पा. पैठणच्या उजव्या कालव्याचं पाणी तिथं येतं. म्हणजे नावं वेगळी असली तरी दोन्हींची भिस्त बऱ्याच अंशी एकाच गोदावरीवर. एक आटलं की दुसरंही आटण्याची शक्यता मोठी. त्यात राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला क्रमांक आहे, आणि तो असायलाच हवा. तेव्हा टंचाईत वीज केंद्र रांगेत मागे जाणार, हे आधीच लिहिलेलं होतं.

इथून पहिला धडा घेऊ. दोन पर्याय एकाच कारणानं एकाच वेळी बंद पडणार असतील, तर तो एकच पर्याय समजायचा. तुमच्या कार्यालयात माहितीची एक प्रत संगणकात आणि दुसरी त्याच खोलीतल्या कपाटात असेल, तर आग लागल्यावर दोन्ही जातील. हिशेब तोच आहे.

विमा कंपनी यायलाच तयार नाही

हाच धडा आता पीक विम्याला लावू. विमा चालतो कशावर? सगळ्यांचं नुकसान एकदम होत नाही, यावर. शंभर मोटारींचा विमा काढला, त्यातल्या चार-दोन ठोकल्या जातात, बाकीच्यांच्या हप्त्यातून भरपाई निघते. शेतीचं तसं नाही. ऑगस्टमध्ये पावसानं एकवीस दिवस दडी मारली, की गेवराईचं सोयाबीनही वाळतं आणि केजचंही. सगळ्यांचे दावे एकाच हंगामात येतात. विम्याच्या भाषेत ही सगळ्यात अवघड जोखीम.

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपात सुरू झाली. शेतकऱ्यानं खरिपाला विमा संरक्षित रकमेच्या जास्तीत जास्त दोन टक्के, रब्बीला दीड टक्के आणि नगदी पिकांना पाच टक्के भरायचे, उरलेला हप्ता केंद्र आणि राज्यानं द्यायचा. जिल्ह्यांचे गट करून निविदा काढल्या जातात आणि कंपन्या बोली लावतात. बीडमध्ये आधीच्या हंगामांत भरपाईचे आकडे मोठे गेले होते. २०२० च्या खरिपासाठी निविदा निघाली, तेव्हा बीडसाठी एकही कंपनी पुढे आली नाही.

इथं खासगी आणि सरकारी यांतला फरक लख्ख दिसतो. कंपनी म्हणू शकते, हा जिल्हा आम्हाला नको. सरकार तसं म्हणू शकत नाही. जिल्हा परिषद एखाद्या गावाला, सरकारी दवाखाना एखाद्या रुग्णाला 'परवडत नाही' म्हणून परत पाठवू शकत नाही. जोखीम सांभाळण्याचे चार मार्ग पुस्तकात दिलेले असतात : टाळा, कमी करा, वाटून घ्या, स्वीकारा. त्यातला पहिला मार्ग सार्वजनिक संस्थेला बहुतेक वेळा बंदच असतो. म्हणून उरलेल्या तिघांत तिला जास्त हुशार व्हावं लागतं.

८० आणि ११० चं गणित

शेवटी भारतीय कृषी विमा कंपनीनं, म्हणजे २००२ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी क्षेत्रातल्या कंपनीनं, बीड घेतलं. पण अटी बदलून. त्यालाच पुढे 'बीड पॅटर्न' म्हणू लागले. गणित सोपं आहे. शेतकरी, राज्य आणि केंद्र यांचा मिळून हप्ता १०० रुपये जमला असं धरा.

भरपाई ३० रुपये द्यावी लागली, तर उरलेल्या ७० मधले कंपनीनं फक्त २० ठेवायचे, ५० राज्य सरकारला परत. भरपाई ९० झाली, तर उरलेले १० कंपनीचे. भरपाई ११० झाली, तर कंपनीनं पदरचे १० घालायचे. आणि भरपाई १५० झाली, तर कंपनीची जबाबदारी ११० पर्यंतच; वरचे ४० राज्य सरकारनं द्यायचे. म्हणजे कंपनीच्या नफ्याला वरून झाकण आणि तोट्यालाही खाली मर्यादा.

यात काय साधलं? जोखीम नाहीशी झाली नाही, तिचे वाटे पाडले. कुठल्या पायरीपर्यंत कुणाचा खांदा, हे हंगाम सुरू व्हायच्या आधी लेखी ठरलं. पहिल्याच हंगामात भरपाई हप्त्याच्या मानानं फार कमी निघाली आणि मोठी रक्कम सरकारकडे परत आली. जुन्या पद्धतीत ती कंपनीकडेच राहिली असती. पुढे हे सूत्र राज्यभर लागू झालं. बीडच्या नावानं निघालेली एक चांगली गोष्ट म्हणून आम्ही ती सांगतो.

उरलेली जोखीम कुणाची?

पण गोष्ट इथं संपवली तर आमच्या हातून अर्धवट काम होईल. भरपाई कमी निघाली, हे तिजोरीच्या बाजूनं बरं वाटतं. शेतकऱ्याच्या बाजूनं बघा. २०२० च्या परतीच्या पावसात मराठवाड्यात काढणीला आलेलं सोयाबीन भिजलं. नियम असा, की स्थानिक आपत्तीत नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत पूर्वसूचना द्यायची. शेतात गुडघाभर पाणी, वीज गेलेली, फोनला रेंज नाही, आणि तीन दिवसांत ॲपवर सूचना. ज्यांना ते जमलं नाही त्यांच्या दाव्यांवरून वाद झाले. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातला त्या हंगामाचा वाद तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला.

दुसरी बाब महसूल मंडळाच्या सरासरीची. उत्पादनावर आधारित भरपाई पीक कापणी प्रयोगावरून ठरते. मंडळात काही ठिकाणी प्रयोग घेतात, सरासरी काढतात, ती उंबरठा उत्पादनाच्या खाली आली तरच त्या मंडळाला भरपाई. तुमचं शेत ओढ्याकाठी असून वाहून गेलं, पण मंडळाची सरासरी बरी आली, तर या हिशेबात तुम्हाला काही नाही.

मित्रहो, आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या. कोणतीही व्यवस्था केली तरी थोडी जोखीम उरते. तिला उरलेली जोखीम म्हणतात. सरकारी फायलीत कंपनीचा वाटा लिहिलेला असतो, राज्याचा लिहिलेला असतो, केंद्राचा असतो. उरलेला वाटा कुणाचा, ते कुठंच लिहिलेलं नसतं. आणि जे लिहिलेलं नसतं ते आपोआप सगळ्यात दुबळ्या माणसाच्या खांद्यावर जाऊन बसतं.

एक रुपयाची गोष्ट

पुढचा टप्पा २०२३ चा. शेतकऱ्यानं फक्त एक रुपया भरायचा, त्याच्या वाट्याचा बाकीचा हप्ता राज्य भरणार. हेतू चांगला होता : पैशाअभावी कुणी विम्याबाहेर राहू नये. म्हणजे एक जोखीम कमी केली. त्या खरिपात राज्यातून दीड कोटींहून जास्त अर्ज आले.

मात्र एक जोखीम कमी केली की दुसरी कुठे वाढते का, हे विचारायचं राहून गेलं. अर्ज भरणाऱ्या सेवा केंद्राला प्रत्येक अर्जामागे ४० रुपये मिळत होते. अर्जदाराला लागत होता एक रुपया. खोटा अर्ज करणाऱ्याचं जवळजवळ काहीच जात नव्हतं आणि अर्जांची संख्या वाढवण्यात मात्र कुणाचा तरी फायदा होता. मग सरकारी जमिनीवर, बिगरशेती जमिनीवर, दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर विमा काढल्याची प्रकरणं बाहेर आली. ज्या बीडनं पॅटर्न दिला, त्याचंच नाव बोगस विम्याच्या बातम्यांतही आलं. लाखो अर्ज रद्द करावे लागले.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारनं एक रुपयाची योजना बंद करायचं ठरवलं. पुन्हा दोन, दीड आणि पाच टक्के आले, शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी आवश्यक झाली. हे उपाय समजण्यासारखे आहेत. पण त्याच वेळी स्थानिक आपत्तीसारखी जादा संरक्षणं काढली गेली आणि फक्त कापणी प्रयोगावर आधारित भरपाई राहिली. मग सप्टेंबर २०२५ मध्ये काय झालं, ते तुम्ही पाहिलंच. बीडसह मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, नद्या पात्राबाहेर आल्या, पिकांबरोबर जमिनीही खरवडून गेल्या. विम्यातून काढलेली जोखीम कुठे गेली? ती मदत पॅकेजच्या रूपानं तिजोरीवर आली आणि पॅकेज जिथं पुरलं नाही तिथं शेतकऱ्याच्या अंगावर राहिली.

यात कुणाला दोषी ठरवायला आम्ही आलेलो नाही. आम्हाला एवढंच दाखवायचं आहे, की प्रत्येक निर्णयाच्या वेळी तीन प्रश्न विचारता आले असते : या निर्णयानं कोणती जोखीम घटते, कोणती वाढते, आणि उरलेली कुणाकडे जाते?

तुमच्या कार्यालयात सुरुवात कशी करायची

मोठी समिती नको, महागडी संगणक प्रणाली नको. एक वही घ्या आणि सहा रकाने आखा. काय बिघडू शकतं. का बिघडेल. कुणाचं नुकसान होईल. इशारा कशावरून मिळेल. कोण, काय, कधीपर्यंत करणार. आणि सहावा रकाना : एवढं करूनही उरलेलं कुणावर पडेल.

एक नमुना भरून दाखवतो. ग्रामपंचायतीची नळ योजना. काय बिघडू शकतं? ऐन एप्रिलमध्ये पंप बंद. का? वीजबिल थकल्यानं जोडणी तोडली. नुकसान कुणाचं? वस्तीवरच्या घरांचं, त्यातही पाणी भरणाऱ्या बायका-मुलींचं. इशारा? दोन बिलं थकली आणि पाणीपट्टीची वसुली निम्म्याच्या खाली गेली. कोण काय करणार? ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले ग्रामसेवक, तिसरं बिल यायच्या आधी मासिक सभेत विषय ठेवणार आणि हप्ते पाडून घेणार. उरलेलं? विहिरीलाच पाणी नसेल तर पंप चालूनही उपयोग नाही. तेव्हा टंचाई आराखड्यात गावाचं नाव आहे का, ते ऑक्टोबरमध्येच बघायचं.

पाचव्या रकान्यात 'विभाग' किंवा 'संबंधित' असं लिहू नका. एक पद लिहा. 'सर्व संबंधितांनी दक्षता घ्यावी' या वाक्यानं आजवर कुणी दक्ष झालेलं नाही.

पुष्कळ ठिकाणी शक्यता आणि परिणाम यांना एक ते पाच गुण देऊन गुणाकार करतात. करा, पण जपून. शक्यता ५, परिणाम १ म्हणजे ५. शक्यता १, परिणाम ५ म्हणजेही ५. पहिलं उदाहरण कार्यालयातला कागद संपण्याचं असेल आणि दुसरं भूकंपाचं. बीडला लागून असलेल्या लातूर जिल्ह्यात किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसं गेली. आधीच्या वर्षी तिथं धक्के जाणवत होते. क्वचित घडणाऱ्या पण माणसं मारणाऱ्या जोखमी गुणाकारात खाली ढकलल्या जातात. त्यांच्यासाठी वहीचं वेगळं पान ठेवा.

शेवटची गोष्ट बदलीची. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यानुसार अधिकाऱ्याचा एका जागी सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा. म्हणजे जोखीम तिथंच राहते, ती ओळखणारा माणूस जातो. कार्यभार सोपवताना रोख, साठा, फायली यांची यादी देतो, तशी ही वहीही द्या. आणि तिमाहीतून एकदा अर्धा तास ती उघडा. न उघडलेली वही काही सांगत नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*आपत्ती व्यवस्थापन जिल्हाधिकारी बघतातच. मग हे वेगळं कशाला?*

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हा प्राधिकरण आहे आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात, हे खरं. पण ते पूर, भूकंप, आग अशा मोठ्या संकटांसाठी. औषधांचा पुरवठा लांबणं, ठेकेदारानं मध्येच काम सोडणं, लाभार्थी यादीत बोगस नावं शिरणं, ही आपत्ती ठरत नाही आणि तिथं जिल्हाधिकारी धावून येणार नाहीत. ती जोखीम तुमची.

*आधीच इतकी रजिस्टरं आहेत. त्यात हे आणखी एक?*

तुमची तक्रार योग्य आहे. म्हणून आमचा सल्ला असा, की पहिल्या वर्षी पाचच जोखमी लिहा. पन्नास लिहिल्या तर ते रजिस्टर भरण्यासाठी भरलं जाईल.

*आम्ही जोखीम लिहून ठेवली आणि पुढे तसंच घडलं, तर 'माहीत होतं, मग थांबवलं का नाही' असं म्हणून आम्हालाच धरणार नाहीत का? माहितीच्या अधिकारात ती वही कुणीही मागेल.*

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि ही भीती काल्पनिक नाही. आम्ही असं सांगणार नाही, की कधीच त्रास होणार नाही. पण दोन गोष्टी बघा. तुम्ही जोखीम लिहिली, वर कळवली, निधी मागितला, तारीख टाकली, तर चौकशीत तो कागद तुमच्या बाजूनं बोलतो. लिहिलं नाही, तर 'दुर्लक्ष केलं' हा आरोप खोडायला हातात काहीच नसतं. दुसरी गोष्ट वरिष्ठांसाठी. पहिल्या माणसानं प्रामाणिकपणे जोखीम लिहिली आणि तुम्ही त्यालाच नोटीस दिली, तर त्या दिवसापासून तुमच्या कार्यालयातल्या वह्या कोऱ्या राहतील. मग वाईट बातमी तुम्हाला कळेल ती वर्तमानपत्रातूनच.

*शेतकऱ्यानं स्वतःसाठी यातून काय घ्यावं?*

सहावा रकाना. विमा काढताना, योजनेत नाव घालताना एवढंच विचारा, की यात काय धरलेलं नाही? पूर्वसूचना किती तासांत द्यायची, कुणाला द्यायची, भरपाई माझ्या शेतावरून ठरणार की मंडळाच्या सरासरीवरून? उत्तर लेखी घ्या. अधिकाऱ्यांनाही विनंती, की हे कुणी विचारायच्या आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. जोखीम शेतकऱ्याच्या खांद्यावर राहणारच असेल, तर निदान त्याला ते पेरणीच्या आधी कळू द्या.